लॉगिन न करताही सभासदांची पाने उघडतात: पीएचपी सेशनची राखण नेमकी कुठे सुटते?

कोरीपाटी (प्रश्न)

नमस्कार. एका संस्थेच्या सभासदांसाठी मी पीएचपीमध्ये संकेतस्थळ बांधत आहे. त्यातील काही पाने सर्वांसाठी खुली आहेत आणि १२ पाने केवळ लॉगिन केलेल्या सभासदांनाच दिसावीत, अशी अपेक्षा आहे. सभासदाने दिलेले नाव आणि पासवर्ड डेटाबेसमधील नोंदीशी जुळले की मी त्याचा सभासद क्रमांक सेशनमध्ये (सर्व्हर प्रत्येक वाचकासाठी ठेवतो त्या तात्पुरत्या नोंदीत) ठेवतो. प्रत्येक बंदिस्त पानाच्या सुरुवातीला सेशन_स्टार्ट हे फंक्शन बोलावले आहे. त्यानंतर सेशनमध्ये सभासद क्रमांक आहे का हे तपासले आहे, आणि तो नसेल तर हेडर फंक्शनने लोकेशन पाठवून वाचकाला लॉगिनच्या पानाकडे वळवले आहे. या चार ओळी मी बाराही पानांत जशाच्या तशा चिकटवल्या आहेत. (फंक्शनांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आहेत.)

ब्राउझरमध्ये मी हे अनेकदा तपासले होते आणि लॉगिन न करता बंदिस्त पान मागितले की लॉगिनचे पान येत होते, त्यामुळे मी निश्चिंत होतो. मात्र एका सहकाऱ्याने कमांड लाइनवरून कर्ल हा प्रोग्रॅम वापरून तेच पान मागितले, तेव्हा त्याला सभासदांची संपूर्ण यादी मिळाली. त्याच्याकडे ना पासवर्ड होता, ना कुकी (ब्राउझर दर विनंतीसोबत सर्व्हरला परत पाठवतो ती छोटी नोंद). हे पाहून मला धक्का बसला, कारण त्या यादीत लोकांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत.

याखेरीज आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. माझ्या संगणकावर नीट चालणारी दोन पाने सर्व्हरवर चढवल्यावर लॉगिनशिवाय थेट ब्राउझरमध्येच उघडतात, आणि त्यांच्या माथ्यावर ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ अशा आशयाचा इशारा दिसतो. शिवाय, सभासदांसाठीच्या पीडीएफ अहवालांचा पत्ता कोणाला ठाऊक असेल, तर ते अहवाल लॉगिनशिवाय सरळ उतरवता येतात. सेशनची माझी समजूतच मुळात चुकीची आहे का? ती पाने तूर्त मी सर्व्हरवरून काढून ठेवली आहेत.

कडीकोयंडा

पाने काढून ठेवलीत हे फार चांगले केलेत. बहुतेक जण आधी दुरुस्ती शोधत बसतात आणि तोवर यादी उघडीच राहते.

आपली तपासणी बरोबर आहे, पण ती अयशस्वी झाल्यावर स्क्रिप्ट थांबत नाही. हेडर हे फंक्शन केवळ उत्तराच्या माथ्यावर एक ओळ लिहिते: ‘हे पान अमुक पत्त्यावर पाहा.’ त्यानंतर पीएचपी पुढच्या ओळीवर जाते, डेटाबेसमधून सभासद काढते, तक्ता छापते आणि सगळा मजकूर त्याच उत्तरासोबत रवाना करते. ब्राउझरला स्थितिसंकेत ३०२ (म्हणजे ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’) आणि लोकेशन दिसले की तो खालचा मजकूर न दाखवता नव्या पत्त्यावर जातो, म्हणून आपल्याला सारे ठीक वाटले. कर्ल मात्र सांगितल्याखेरीज अशा वळवण्याच्या (रीडायरेक्टच्या) मागे जात नाही. जे आले ते जसेच्या तसे दाखवते. म्हणजे यादी पहिल्या दिवसापासून प्रत्येक मागणाऱ्याकडे जात होती आणि ती न दाखवण्याचे सौजन्य ब्राउझर दाखवत होता. सॉफ्टवेअरमधील दोषांची जी सीडब्ल्यूई नावाची सार्वजनिक यादी आहे, तिच्यात या दोषाला ६९८ असा स्वतंत्र क्रमांक आहे, यावरून तो किती वारंवार घडतो याची कल्पना येईल.

उपाय एका शब्दाचा आहे: हेडरच्या लगेच पुढच्या ओळीवर एक्झिट लिहा. हा शब्द विसरला तर होणारे नुकसान वाचण्यापुरते मर्यादित राहत नाही, हेही ध्यानात घ्या. एखादे पान नोंद खोडण्याचे काम करत असेल, तर लॉगिन नसलेल्या माणसाला लॉगिनचे पान दिसेल आणि त्याच वेळी सर्व्हरवर नोंद खोडलेलीही असेल.

सेशनच्या समजुतीबद्दल आपण विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, स्मरण नसते. सर्व्हरकडे येणारी प्रत्येक विनंती ही अनोळखी माणसाची विनंती असते, मग तोच माणूस दोन सेकंदांपूर्वी येऊन गेलेला असला तरीही. सेशन_स्टार्ट पहिल्यांदा चालते तेव्हा पीएचपी एक लांब, अंदाज बांधता न येणारी खूण तयार करते, ती पीएचपीसेसआयडी नावाच्या कुकीतून ब्राउझरकडे पाठवते आणि सर्व्हरवर त्या खुणेच्या नावाची एक छोटी फाइल उघडते. सभासद क्रमांक त्या फाइलमध्ये राहतो. ब्राउझरकडे फक्त खूण असते. पुढच्या विनंतीसोबत ती खूण परत आली की पीएचपी फाइल वाचून सेशनचा अ‍ॅरे (कोडला वापरता येणारी मूल्यांची यादी) भरते. एवढेच सेशनचे काम आहे. ‘हा कोण आहे’ याचे उत्तर देण्यापलीकडे ते काहीही करत नाही. पान दाखवायचे की नाही हा निर्णय दर वेळी आपल्या कोडने घ्यायचा असतो, आणि नकार असेल तर तिथल्या तिथे थांबायचे असते.

चार ओळी १२ पानांत चिकटवण्याची पद्धत मात्र सोडा. तेरावे पान लिहिताना त्या राहून जातील. तपासणीची एकच फाइल करा आणि प्रत्येक बंदिस्त पानाच्या पहिल्या ओळीवर ती जोडा.

अर्धविराम

दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो, कारण तिचा पहिल्या अडचणीशी जवळचा संबंध आहे.

एचटीटीपीच्या उत्तरात आधी हेडर जातात आणि मग मजकूर. मजकुराचा एक बाइट जरी बाहेर पडला, तरी हेडरचे दार बंद होते. सेशन_स्टार्टला कुकी पाठवायची असते आणि कुकी हाही एक हेडरच असतो. म्हणून पीएचपीच्या आरंभचिन्हाआधी एखादी रिकामी ओळ असेल, एक स्पेस असेल किंवा फाइल बीओएमसह यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये जतन झाली असेल, तर तो इशारा येतो. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारे तीन बाइट. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, त्यामुळे माणूस तासन्‌तास कोड वाचत राहतो आणि चूक सापडत नाही. त्या दोन फाइली ‘बीओएमविना यूटीएफ-८’ असा पर्याय निवडून पुन्हा जतन करून पाहा. जोडल्या जाणाऱ्या फाइलींच्या शेवटी असलेले पीएचपीचे समाप्तिचिन्हही काढून टाका. केवळ पीएचपी असलेल्या फाइलीत ते लागत नाही, आणि त्यामागे राहिलेल्या रिकाम्या ओळी असाच घोळ करतात.

इशाऱ्यात ‘आउटपुट येथे सुरू झाले’ असे म्हणून फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक दिलेला असतो. पुष्कळ जण इशाऱ्याचा पहिलाच भाग वाचतात आणि हा पत्ता सोडून देतात. तिथे ओळ १ लिहिलेली असेल, तर बीओएमचा किंवा आरंभीच्या स्पेसचा संशय जवळजवळ पक्का समजावा.

आपल्या संगणकावर हे का दिसले नाही, याचे उत्तर बहुधा आउटपुट बफरिंग या सेटिंगमध्ये आहे. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना आयएनआय फाइलींत (सेटिंगच्या फाइलींत) त्याची किंमत ४०९६ असते, म्हणजे तेवढे बाइट साठेपर्यंत मजकूर रोखून धरला जातो आणि दरम्यान हेडर पाठवता येतात. ती फाइल न वापरणाऱ्या सर्व्हरवर मात्र बफरिंग मुळातच बंद असते. बफरिंग सुरू करून इशारा घालवता येतो, तरीही मी तसे करू नका असेच सांगेन. दोष फाइलमध्ये आहे आणि तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा.

आता ही दोन पाने ब्राउझरमध्येही का उघडली ते पाहा. बीओएममुळे सेशन सुरू झाले नाही, म्हणून सभासद क्रमांक सापडला नाही. तपासणीने योग्य निर्णय घेऊन लॉगिनकडे वळवण्याचा प्रयत्न केला, पण तोही हेडर असल्यामुळे गेला नाही. आणि एक्झिट नसल्यामुळे पान पुढे छापले गेले. एक्झिट असता तर वाचकाला इशारा आणि खाली कोरे पान दिसले असते. ते गैरसोयीचे असते, पण यादी बाहेर गेली नसती.

दिवेलागण

पीडीएफच्या बाबतीत पीएचपीला दोष देता येणार नाही, कारण त्या विनंतीत पीएचपी येतच नाही. सार्वजनिक फोल्डरमधली पीडीएफ, चित्र किंवा एक्सेल फाइल मागितली की वेब सर्व्हर ती डिस्कवरून उचलून थेट देतो. आपले सेशन, आपली तपासणी यांपैकी कशाचीही त्याला गरज पडत नाही. लांबलचक, कोणाला न सुचणारी नावे देऊन फाइली लपवल्या, तरी पत्ता ब्राउझरच्या इतिहासात, मेलमध्ये आणि सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो. त्या मार्गाने जाऊ नका.

अहवालांचे फोल्डर संकेतस्थळाच्या मूळ सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर, त्याच्या एक पायरी वर हलवा, म्हणजे कोणत्याही पत्त्याने तिथे पोहोचता येणार नाही. मग अहवाल देणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा: ती आधी तपासणीची फाइल जोडेल, मग मागितलेला अहवाल शोधेल, योग्य हेडर पाठवेल आणि रीडफाइल या फंक्शनने मजकूर देईल. येथे एक सापळा आहे. पत्त्यातून आलेले फाइलचे नाव जसेच्या तसे पाथला जोडले, तर दोन टिंबे आणि तिरकी रेघ वापरून कोणीही फोल्डरांच्या पायऱ्या चढून कॉन्फिगरेशनच्या फाइलीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पत्त्यात फाइलचे नाव घेऊच नका. अहवालाचा क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकाचे खरे नाव डेटाबेसमधून काढा.

मोठ्या फाइली असतील तर आणखी एक गोष्ट लागेल. सेशन फाइलींत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, एक स्क्रिप्ट सेशन वापरत असताना पीएचपी ती फाइल कुलूपबंद ठेवते आणि त्याच सभासदाची दुसरी विनंती कुलूप सुटेपर्यंत ताटकळते. अहवाल उतरायला पाच मिनिटे लागत असतील, तर तेवढा वेळ त्या सभासदाचे एकही बंदिस्त पान उघडणार नाही, आणि तो ‘सर्व्हर अडकला’ अशी तक्रार करेल. तपासणी झाली की रीडफाइलच्या आधी सेशन_राइट_क्लोज बोलावून कुलूप सोडा.

कोरीपाटी

आपणा तिघांचे मनापासून आभार. एक्झिट घातल्यावर कर्लला रिकामे उत्तर मिळू लागले. दोन्ही फाइलींत बीओएम होता. इशाऱ्यात खरोखरच ओळ १ लिहिलेली होती आणि मी ती वाचली नव्हती. अहवालही सार्वजनिक फोल्डरबाहेर नेले आहेत.

तपासणी एका फाइलीत नेऊन ती इन्क्लूडने जोडली, तेव्हा मात्र नवीच गोष्ट घडली. सर्व पाने पुन्हा कर्लने तपासली, तर ‘लेखा’ या उपफोल्डरमधील तीन पाने पुन्हा लॉगिनशिवाय पूर्ण मिळाली. पडद्यावर कोणतीही त्रुटी नाही. एरर लॉग उघडल्यावर ‘फाइल सापडली नाही’ असा इशारा दिसला. पाथ चुकला हे कळले, पण तपासणीची फाइलच न सापडता पान कसे काय चालले?

आणखी दोन प्रश्न आहेत. मोठा अर्ज भरताना सभासद मध्ये थांबले तर त्यांचे लॉगिन जाते आणि भरलेला मजकूर हरवतो. हे २० मिनिटांनी होते, कधी तासाभरानेही होत नाही, त्यात मला सुसंगती दिसत नाही. आणि ज्या लॉगिनच्या पानावर हे सारे उभे आहे, ते पान तरी भक्कम आहे हे कसे ओळखावे?

कडीकोयंडा

आपण सगळी पाने पुन्हा तपासलीत म्हणून हे सापडले. एकच पान तपासून समाधान मानले असते, तर लेखा विभाग उघडाच राहिला असता.

इन्क्लूडला फाइल सापडली नाही तर पीएचपी इशारा देते आणि पुढे चालू लागते. सर्व्हरवर त्रुटी पडद्यावर दाखवणे बंद असते, आणि ते तसेच असावे, त्यामुळे इशारा फक्त लॉगमध्ये गेला. राखणदार आलाच नाही आणि दार मात्र उघडे राहिले. रिक्वायरच्या बाबतीत फाइल सापडली नाही की स्क्रिप्ट तिथेच मरते. पानाच्या तळाशी एखादी सजावटीची फाइल जोडायची असेल तर इन्क्लूड चालेल. तपासणीसाठी कायम रिक्वायर किंवा रिक्वायर_वन्स वापरा. सापेक्ष पाथ सुरू झालेल्या स्क्रिप्टच्या फोल्डरपासून मोजला जात असल्यामुळे उपफोल्डरमध्ये तो चुकतो. म्हणून पाथची सुरुवात दोन-दोन अंडरस्कोरांमधल्या डीआयआर या स्थिरांकाने करा, म्हणजे ती ओळ ज्या फाइलीत लिहिली आहे तिच्या फोल्डरपासून मोजदाद होईल.

शक्य असेल तर याहून पुढे जा. सर्व विनंत्या एकाच प्रवेश-स्क्रिप्टमधून येऊ द्या आणि खुल्या पानांची यादी तिच्यात लिहून ठेवा. त्या यादीत जे नाही ते सारे बंदिस्त. आज आपल्याकडे उलट आहे: जिथे तपासणीची ओळ लिहिली तेवढेच बंद, बाकी सगळे उघडे. नवे पान लिहिताना माणूस काहीतरी विसरणारच. विसरल्यावर पान बंद राहावे की उघडे राहावे, हे आपल्या रचनेवर अवलंबून आहे. माझ्या मते या संपूर्ण विषयात याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही.

पत्त्यातील क्रमांकांकडेही लक्ष द्या. पावती क्रमांक ४१ पाहणाऱ्या सभासदाने पत्त्यात ४२ टाकले, तर दुसऱ्याची पावती दिसते का? लॉगिन आहे एवढे तपासून हे थांबणार नाही, कारण तो खरोखरच लॉगिन केलेला आहे. डेटाबेसला विचारतानाच ‘पावती क्रमांक ४२ आणि सभासद क्रमांक सेशनमधला’ अशा दोन्ही अटी घाला. मेनूत दुवा न दाखवणे ही सोय आहे, तिला संरक्षण समजू नये.

जुनीनोंदवही

लॉगिनच्या पानाबद्दल लिहितो. पासवर्ड ‘नोंदीशी जुळले की’ असे आपण लिहिले आहे, त्यामुळे विचारतो: डेटाबेसमध्ये पासवर्ड मूळ रूपात किंवा एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने हॅश करून (उलट न फिरवता येणाऱ्या रूपात बदलून) ठेवला आहे का? तसे असेल तर बाकी सर्व दुरुस्त्यांच्या आधी ते बदला. पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून, पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही फंक्शने भाषेतच आहेत. प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट (मिसळण्याचा यादृच्छिक मजकूर) ती स्वतःच घालतात आणि हॅशमध्येच साठवतात. डेटाबेसमधला स्तंभ २५५ अक्षरांचा ठेवा, कारण आज वापरल्या जाणाऱ्या बीक्रिप्ट या पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असला तरी उद्या मूळ पद्धत बदलू शकते. स्तंभ अपुरा पडून हॅश कापला गेला की कोणताही पासवर्ड कधीच जुळत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. सभासदाचे नाव एसक्यूएलच्या (डेटाबेसला विचारण्याच्या भाषेच्या) वाक्यात सरळ चिकटवू नका. पीएचपीच्या पीडीओ या डेटाबेस-सुविधेचे प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात वाक्य आणि मूल्ये वेगवेगळी जातात.

पासवर्ड जुळला की सेशनमध्ये सभासद क्रमांक लिहिण्याआधी सेशन_रीजनरेट_आयडी बोलावा आणि त्याला ‘ट्रू’ हे मूल्य द्या. याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. एखाद्याने आधीच स्वतःला ठाऊक असलेली खूण आपल्या सभासदाच्या ब्राउझरमध्ये बसवली आणि मग सभासदाने लॉगिन केले, तर तीच खूण लॉगिन केलेली खूण होते आणि हल्लेखोराला पासवर्डशिवाय आत येता येते. याला सेशन फिक्सेशन म्हणतात. लॉगिनच्या क्षणी खूण बदलली की जुनी खूण निरुपयोगी होते. सोबत स्ट्रिक्ट मोड हे सेशनचे सेटिंग सुरू करा. ते मुळात बंद असते, आणि बंद असताना बाहेरून आलेली कोणतीही अनोळखी खूण पीएचपी मुकाट्याने स्वीकारते.

कुकीच्या तीन खुणाही लावा. एचटीटीपीओन्लीमुळे पानातील जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही, सिक्युअरमुळे ती केवळ एचटीटीपीएसवरूनच जाते, आणि सेमसाइटमुळे दुसऱ्या संकेतस्थळावरून सुटलेल्या विनंत्यांसोबत ती जात नाही किंवा मर्यादित प्रसंगीच जाते. सेमसाइट पीएचपी ७.३ पासून थेट लिहिता येते. सिक्युअर लावल्यानंतर संकेतस्थळ साध्या एचटीटीपीवरून उघडले, तर कुकी परत येत नाही आणि सभासद बरोबर पासवर्ड देऊनही फिरून लॉगिनच्याच पानावर येतो. असे झाले तर पासवर्डच्या कोडमध्ये शोधत बसू नका.

बाहेर पडण्याच्या पानावर केवळ सेशन_डिस्ट्रॉय पुरेसे नाही. ते सर्व्हरवरची माहिती पुसते, पण त्याच विनंतीत सेशनचा अ‍ॅरे भरलेलाच राहतो आणि ब्राउझरमधली कुकीही राहते. अ‍ॅरे रिकामा करा, कुकीची मुदत मागील तारखेची करून ती परत पाठवा, आणि मग डिस्ट्रॉय बोलावा.

दिवेलागण

वरील यादीत मी एक भर घालेन. लॉगिनच्या वेळचा आयपी पत्ता सेशनमध्ये ठेवावा आणि प्रत्येक विनंतीला तो जुळतो का हे पाहावे. खूण चोरीला गेली तरी चोर दुसऱ्या पत्त्यावरून येत असल्यामुळे अडतो.

कडीकोयंडा

यामागचा हेतू मान्य आहे, पण मी ही पद्धत एका संकेतस्थळावर वापरली आणि काही आठवड्यांत काढून टाकली. फोनवर वाचणारा माणूस वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की त्याचा आयपी पत्ता बदलतो, आणि काही नेटवर्क तर एकाच माणसाच्या लागोपाठच्या विनंत्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून पाठवतात. प्रामाणिक सभासद वारंवार बाहेर फेकले जात होते. उलट, एकाच कार्यालयातील सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, त्यामुळे शेजारच्या टेबलावरील चोर त्याने थांबत नाही. एचटीटीपीएस, एचटीटीपीओन्ली आणि लॉगिनच्या वेळी खूण बदलणे यांनी साधणारे संरक्षण अधिक भरवशाचे आहे. पासवर्ड किंवा ईमेल बदलण्यासारख्या नाजूक पानांवर सभासदाला पुन्हा पासवर्ड विचारा. त्यासाठी थोडा त्रास देणे रास्त आहे.

रीजनरेटबद्दलही एक इशारा. ‘लॉगिनला चांगले, तर प्रत्येक पानाला आणखी चांगले’ असे समजून काही जण ते सर्वत्र बोलावतात. एका पानातून एकाच वेळी चार विनंत्या सुटल्या, तर पहिली जुनी खूण मोडते आणि उरलेल्या तिघी मोडलेली खूण घेऊन पोहोचतात.

अर्धविराम

आता वेळेच्या प्रश्नाकडे येऊ. सेशनची फाइल किती वेळ न वापरता राहू शकते याचे सेटिंग जीसी_मॅक्सलाइफटाइम हे आहे आणि त्याची मूळ किंमत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे. ही वेळ उलटताच फाइल पुसली जाते, असे मात्र नाही. तेवढ्या वेळानंतर ती ‘कचरा’ ठरते, आणि झाडणारा कधी येईल हे संभाव्यतेवर असते: मूळ सेटिंगमध्ये सेशन सुरू होताना शंभरात एकदा. वर्दळ कमी असेल तर मृत ठरलेले सेशन तासभरही जिवंत राहते. डेबियनसारख्या (लिनक्सच्या) प्रणालींत तर ही संभाव्यता शून्य असते आणि दर अर्ध्या तासाने चालणारे वेगळे काम जुन्या फाइली पुसते. सामायिक सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे एकच सेशन फोल्डर वापरत असतील, तर ज्याने सर्वांत कमी वेळ ठेवली आहे त्याची वेळ सर्वांना लागू होते. २४ मिनिटांच्या आतच लॉगिन जाण्याचे कारण हेच असण्याची शक्यता दाट आहे. सेशनसाठी स्वतःचे स्वतंत्र फोल्डर नेमा, आणि तेही सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर.

मुदतीचा निर्णय झाडणाऱ्यावर सोपवू नका. प्रत्येक विनंतीला सेशनमध्ये शेवटच्या वापराची वेळ लिहा, पुढच्या विनंतीला फरक पाहा, आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला असेल तर सेशन स्वतः संपवा. जीसी_मॅक्सलाइफटाइम त्या मर्यादेहून मोठे ठेवा. असे केल्यावर वेळ सुसंगत होईल आणि ‘३० मिनिटांनी लॉगिन जाईल’ असे सभासदाला खात्रीने सांगता येईल.

हरवणाऱ्या मजकुरासाठी नुसती मुदत वाढवणे मला पटत नाही, कारण सामायिक संगणकावर उघडे राहिलेले लॉगिन धोक्याचे असते. अर्जाचा मसुदा दर मिनिटाला पार्श्वभूमीतून जतन करा. येथे तपासणीच्या फाइलीत एक भेद लागेल: पार्श्वभूमीतून आलेल्या विनंतीला लॉगिनच्या पानाकडे वळवले, तर जावास्क्रिप्टला यशस्वी उत्तर म्हणून लॉगिनचे एचटीएमएल मिळते आणि मसुदा जतन झाला असा तिचा समज होतो. अशा विनंतीला स्थितिसंकेत ४०१ (म्हणजे ‘लॉगिन हवे’) द्या आणि थांबा. मग पानावर ‘लॉगिन संपले आहे, मजकूर जपून ठेवा’ असे दाखवता येईल. एक गोष्ट विसरू नका: दर मिनिटाची ही विनंतीही शेवटच्या वापराची वेळ पुढे ढकलेल आणि उघडे पडलेले पान सेशनला कायम जिवंत ठेवेल. म्हणून मजकूर खरोखर बदलला असेल तेव्हाच ती पाठवा.

कोरीपाटी

गेल्या दोन दिवसांत केलेले बदल नोंदवतो. पासवर्ड एमडी५मध्येच होते. सर्वांना नवा पासवर्ड ठेवायला सांगितले आहे, आणि जुन्या हॅशचा स्तंभ काढून टाकला आहे. इन्क्लूडच्या जागी रिक्वायर_वन्स आले. त्यानंतर तपासणीच्या फाइलचे नाव मी मुद्दाम बदलून पाहिले. बाराही पाने कोरी आली, लेखा विभागातील तीनही. आयपी पत्त्याची तपासणी ठेवली नाही. पावतीच्या पानावर अपेक्षेप्रमाणे दुसऱ्याची पावती दिसत होती. आता ‘पावती सापडली नाही’ असे उत्तर येते.

एक शंका उरली आहे. बाहेर पडल्यानंतर ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले, तर सभासदांची यादी क्षणभर पुन्हा दिसते. सेशन तर संपलेले आहे.

जुनीनोंदवही

ते पान सर्व्हरकडून आलेले नाही. ब्राउझरने आपल्याजवळची जुनी प्रत दाखवली. सेशन सुरू असताना पीएचपी मुळातच ‘हे साठवू नका’ अशा अर्थाचे हेडर पाठवते, त्यांतील मुदतीची तारीख १९ नोव्हेंबर १९८१ अशी, म्हणजे केव्हाच उलटून गेलेली असते. आपल्या कोडमध्ये कुठेतरी कॅश-कंट्रोल (ब्राउझरने प्रत साठवावी की नाही हे सांगणारा हेडर) स्वतंत्रपणे लिहिला आहे का ते पाहा, कारण नंतर लिहिलेला हेडर आधीच्यावर चढतो. कर्लने हेडरसह उत्तर मागवले की लगेच दिसेल. बंदिस्त पानांवर त्यात नो-स्टोअर (‘साठवू नका’) असलाच पाहिजे.

कोरीपाटी

सापडले. चित्रे लवकर उघडावीत म्हणून माथ्याच्या सामायिक फाइलीत मी एक तासाच्या साठवणीचा हेडर घातला होता आणि तो बंदिस्त पानांनाही लागत होता. तो केवळ खुल्या पानांपुरता ठेवला. आता बाहेर पडून मागे गेल्यावर लॉगिनचे पान येते. बाराही पाने आणि अहवालांची स्क्रिप्ट कुकीशिवाय, मुदत संपलेल्या कुकीने आणि दुसऱ्या सभासदाच्या कुकीने तपासणारी एक छोटी फाइल लिहिली आहे; नवे काही चढवण्याआधी ती चालवतो. पाने आज पुन्हा सर्व्हरवर ठेवली.